पंचविशीच्या आत

रेल्वेच्या क्रीडा कोट्याच्या जाहिरातीत आडपडदा नसतो. वय अठरा ते पंचवीस, सवलत कोणालाही नाही. खेळातल्या आजवरच्या कामगिरीला ५० गुण, ट्रायलला ४०, शिक्षणाला १०. ट्रायलच्या चाळीसांत पंचवीस पडले नाहीत तर बाकीचे कागद कोणी उघडूनही बघत नाही. आपल्या देशात मुलीला व्हॉलीबॉलवर पोट भरायचं असेल तर बहुतेक वेळा रस्ता या जाहिरातीतूनच जातो. नाहीतर केरळात जन्माला यावं लागतं. तिथे वीज मंडळाचा आणि पोलिसांचा संघ आहे. राष्ट्रीय स्पर्धेत महिलांचा अंतिम सामना रेल्वे विरुद्ध केरळ, हे कित्येक वर्षं इतकं ठरलेलं होतं की बाकीची राज्यं तिसऱ्या क्रमांकासाठीच गाडीत बसायची.

आमच्या घरात या जाहिरातीवरून दोन पक्ष आहेत. एक माझी थोरली बहीण. ऐंशीच्या दशकात ती लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी, म्हणून खेळली, खेळावरच रेल्वेत लागली, रतलाम मंडळात नोकरी करून निवृत्त झाली. दुसरी माझी लेक. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, डाव्या बाजूने स्मॅश मारते आणि आत्याचं ऐकत नाही. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी एका रविवारी दोघींची जी जुंपली ती खाली देतो. थोडी काटछाट केली आहे, कारण मधला बराच वेळ दोघी एकदमच बोलत होत्या.

ताई — फॉर्म भरायला तुला काय धाड भरली आहे? मुदत संपत आली.

लेक — भरायला काही नाही गं आत्या. पण जो भेटतो तो म्हणतो, एकदा लागलीस की सुटलीस. सुटायचं कशातून? खेळातूनच ना?

ताई — काळजीतून. अण्णांची मिल बंद पडली तेव्हा तुझा बाप शाळेत होता. घरात पगार आला तो माझा. कशाचा होता तो पगार? व्हॉलीबॉलचा.

लेक — व्हॉलीबॉलचा नाही, तिकिटं फाडण्याचा.

ताई — फाडत नव्हतो आम्ही तिकिटं. पुठ्ठ्याची असायची. कप्प्यातून काढायची, तारखेच्या मशीनमध्ये सरकवायची, खट्ट झालं की बाहेर. सकाळी सहाला खिडकी उघडायची, दोनला सुटका, मग सराव. गर्दीच्या दिवशी मनगट असं भरून यायचं की संध्याकाळी पहिले दहा-पंधरा लिफ्ट वाकडेच जायचे. पण संघातून कोणी काढलं नाही आणि पहिल्या तारखेला पगार चुकला नाही.

लेक — तेच म्हणते मी. तुझं मनगट खिडकीत खर्च झालं. उरलेलं खेळात आलं.

इथे ताई गप्प बसली. तिला गप्प बसलेलं आम्ही फारसं बघितलेलं नाही, म्हणून नोंदवून ठेवतो. मग उठली, सोफ्यामागचा चेंडू काढला आणि लेकीला म्हणाली, टाक माझ्याकडे, उंच टाक, पंखा सांभाळून.

वयाने सत्तरीकडे झुकलेल्या बाईचे हात कपाळासमोर आले. अंगठे नाकाकडे वळलेले, बोटं पसरलेली, कोपरं थोडी बाहेर. चेंडू बोटांत आला आणि गेला. आवाज झालाच नाही. लेकीने परत टाकला, परत तेच. तिसऱ्यांदा तिने मुद्दाम बाजूला टाकला. ताईचा पाय सरकला, गुडघ्याने नकार दिला, पण हात जागेवर पोचले होते.

ताई — आमच्या वेळी टप्प असा आवाज आला की रेफरी शिट्टी मारायचा. डबल. तुमच्या आताच्या लिफ्टर पोरी पोळीसारखा थापतात, आणि चालतं.

लेक — नियम सैल झालेत आत्या. खेळ वेगात चालावा म्हणून. तुमच्या वेळी सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट मिळायचा. मॅच कितीही वेळ लांबायची, टीव्हीवाले पळून जायचे. आता प्रत्येक रॅलीला पॉइंट. आणि लिबेरोसुद्धा १९९८ ला आली, तेव्हापासून बुटक्या मुलींनाही जागा झाली.

ताई — टीव्हीवाले आले का मग?

लेक — पुरुषांकडे आले.

हा तिचा दुखरा कोपरा आहे. २०१९ ला प्रो व्हॉलीबॉल लीग झाली, एका हंगामात बंद पडली. २०२२ मध्ये हैदराबादला प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली आणि ती टिकली. कालिकत, कोची, अहमदाबाद, बंगळुरू, कोलकाता, पुढे मुंबई, दिल्ली, गोवा. संघ वाढत गेले आणि सगळे पुरुषांचे. लेक ती लीग मोबाइलवर बघते. बघताना तिच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला हेवा म्हणणं फार सोपं होईल. त्या अंगाचे, त्या उडीचे पुरुष आणि आपण यात फरक आहे हे तिला कळतं. जाळीसुद्धा त्यांची २.४३ मीटर, हिची २.२४. तिला न कळणारी गोष्ट वेगळी आहे: जाळी खाली करता येते, मग बाकीचं का करता येत नाही?

लेक — स्मृती मानधनाला २०२३ च्या महिला क्रिकेट लीगच्या लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले. सांगलीची मुलगी. मग आपल्याला चाळीस हजारही नकोत?

ताई — क्रिकेटशी बरोबरी करू नकोस. क्रिकेटची गोष्ट सांगायची तर पूर्ण सांग. आपल्या इंदूरची संध्या अग्रवाल. १९८६ ला वूस्टरला इंग्लंडविरुद्ध १९० धावा. तेव्हाचा महिला कसोटीतला जागतिक विक्रम. पन्नास वर्षांहून जुना आकडा मोडला तिने. त्याच वर्षी अर्जुन. किती कोटी मिळाले तिला? ती खेळली कोणाकडून? रेल्वेकडून. बायकांचं क्रिकेट बोर्डाखाली आलं २००६ ला, लीग आली २०२३ ला. म्हणजे संध्याच्या त्या डावानंतर सदतीस वर्षं. तुझ्याकडे सदतीस वर्षं आहेत?

लेक — नाहीत. म्हणूनच घाई आहे.

ताई — तुझी घाई लीगला कळायला हवी ना! कबड्डीचं आठव. २०१६ ला महिलांचं कबड्डी चॅलेंज काढलं, प्रो कबड्डीच्या हंगामातच. तीन संघ. आपली अभिलाषा म्हात्रे एका संघाची कर्णधार होती. पुढच्या वर्षी काय झालं?

लेक — काही झालं नाही.

ताई — त्या मुलींनी नोकऱ्या सोडल्या असत्या तर?

लेक — पण हॉकीवाल्यांनी केलीच ना! जानेवारी २०२५ मध्ये रांचीला महिलांची हॉकी लीग झाली. चारच संघ, पण झाली. कोणीतरी पहिल्यांदा करावंच लागतं.

ताई — हॉकीत आधी ऑलिंपिकचं चौथं स्थान होतं, टोकियोचं. लोकांनी सकाळी उठून बघितलं होतं. आपल्या व्हॉलीबॉलच्या मुलींना कोणी बघितलंय? २०१९ ला काठमांडूला दक्षिण आशियाई स्पर्धेत नेपाळला पाच सेटमध्ये हरवून सोनं आणलं. इंदुरात किती जणांना ठाऊक आहे?

मला ठाऊक नव्हतं. लेकीला होतं. नेपाळने २०१७ मध्ये व्हॉलीबॉलला राष्ट्रीय खेळ ठरवलं, तिथे प्रेक्षक कसे भरभरून येतात, हेही तिने ऐकवलं. ताईने ते कानाआड केलं. वाद घालताना समोरच्याचा चांगला मुद्दा कानाआड करणं हे आमच्या घराण्यातच आहे.

मग मिलचा विषय निघाला. तो निघणारच होता. इंदूरचं जुनं मराठी घर आणि कापडगिरणी यांचं नातं कधी ना कधी बोलण्यात येतंच. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. परदेशीपुऱ्यात भोंग्यावर घड्याळ लावायचे लोक.

ताई — तुला जपानच्या मुलींचं माहीत आहे का? १९६४ च्या. ऑलिंपिकमध्ये बायकांना सांघिक खेळ पहिल्यांदा मिळाला तो हा, व्हॉलीबॉल. आणि सोनं जिंकलं कोणी? सूतगिरणीतल्या मुलींनी! ओसाकाजवळच्या काइझुका गावात निचिबो कंपनीची गिरणी होती. संघातल्या बहुतेक जणी तिथल्या. दिवसा कंपनीचं काम, मग सराव, तो मध्यरात्रीपर्यंत. दाइमात्सू नावाचा त्यांचा कोच इंफाळच्या लढाईतून जिवंत परत गेलेला माणूस. चेंडू उचलायला झोकून द्यायचं, लोळण घ्यायची आणि त्याच झोकात उभं राहायचं, हे त्याने त्यांच्याकडून घोटून घेतलं. रशियाला तीन-शून्य हरवलं. म्हणजे नोकरी करणाऱ्या बायका ऑलिंपिक जिंकू शकतात. ऐकलंस?

लेक — ऐकलं. आमच्या सरांनी व्हिडिओ दाखवलाय. टोकियो भागात ती फायनल टीव्हीवर ६६.८ टक्के घरांत बघितली गेली. पण आत्या, ती गिरणी आणि तुझी खिडकी एक नाही. निचिबोला संघ जिंकलेला हवा होता. कंपनीचं नाव व्हावं म्हणून संघ, संघासाठी कोच, कोचसाठी हॉल. १९६२ ला मॉस्कोत जगज्जेत्या झाल्या होत्या त्या. आपल्याकडे मुलीला नोकरी लागली की तीच ट्रॉफी. घरचे पेढे वाटतात. पुढे ती कशी खेळते हे विचारायला कोणी येत नाही.

ताई — दाइमात्सूचा सराव तुला झेपला असता? पडून पडून अंग काळंनिळं व्हायचं त्यांचं.

लेक — झेपला नसता. पण कोणी विचारलं तरी असतं.

ताई — आणि त्या मासाए कासाईचं काय झालं? त्यांची कर्णधार. ऑलिंपिकच्या वेळी एकतीस वर्षांची. तिला आधीच थांबायचं होतं, लग्न करायचं होतं. देशासाठी खेळत राहिली. नंतर पंतप्रधानांना भेटली तेव्हा म्हणाली, आम्हाला मुलगे भेटायला वेळच कुठे होता. मग पंतप्रधान सातोंनी स्थळ बघून दिलं तिला, सैन्यातला अधिकारी.

लेक — बाबा, ऐकताय का? माझ्यासाठी पंतप्रधानांना लिहा.

हसलो सगळे. पण ताईने हा विषय उगाच काढला नव्हता. ती खेळायची तेव्हा घरून निघताना सलवार-कमीज, आत हाफपँट. मैदानावर जाळीच्या खांबाशी कपड्यांचा ढीग. स्थळं आली की आई पहिल्यांदा ताईला बसायला सांगायची, म्हणजे उंची कळायची नाही. नवरा मिळाला तो रेल्वेतलाच, तिच्यापेक्षा दोन बोटं ठेंगणा आणि सगळ्या मॅचेसना हजर राहणारा. अशी माणसं जाहिरात देऊन मिळत नाहीत.

लेकीचा खरा देव वेगळाच आहे. तिच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला फोटो कोरियाच्या किम योन-क्युंगचा. उंची १९२ सेंटिमीटर. २००५ मध्ये कोरियातल्या ह्युंगकुक कंपनीच्या संघातून सुरुवात, मग जपान, मग तुर्कस्तानात फेनरबाचेकडे सहा हंगाम, मग शांघाय, पुन्हा तुर्कस्तान. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कोरिया चौथा आला, पदक नाही, तरी स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ती ठरली. असं क्वचितच होतं.

लेक — हिला म्हणतात व्यावसायिक खेळाडू. चार देशांत खेळली. खिडकीवर नाही बसली.

ताई — चांगलं आहे. मी वाचलंय तिच्याबद्दल, तू समजतेस तेवढी अडाणी नाही मी. त्याच २०१२ साली तिच्या जुन्या क्लबने काय केलं? म्हणाले, आमच्याकडचे हंगाम पुरे झालेले नाहीत, तू अजून आमचीच. तुर्कस्तानाला तू उधार दिलेली आहेस. जगातली सर्वोत्तम खेळाडू, आणि ती कोणाच्या मालकीची यावर कज्जा. दोन वर्षं चाललं ते. करार म्हणजे हेच. मला रेल्वेने कोणाला उधार दिलं नाही.

लेक — पण ती भांडली. भांडायला तिच्याजवळ किंमत होती. २०२० मध्ये तीच त्या क्लबकडे परत आली, पगार कितीतरी कमी घेऊन, बाकीच्या मुलींचे पगार कापले जाऊ नयेत म्हणून. आणि २०२५ मध्ये निवृत्त झाली ती विजेतेपद जिंकून. छत्तीस-सदतीस वर्षांची होती. आपल्याकडे पंचविशीत फॉर्मची मुदत संपते.

ताई — संपते ती नोकरीला लागायची. खेळायची नाही. मिनीमोल अब्राहमला बघ. किती वर्षं रेल्वेकडून खेळली, भारताकडून खेळली. नोकरी होती म्हणून इतकी वर्षं खेळली, नाहीतर कन्नूरच्या घरी गेली असती परत.

हा मुद्दा लेकीला लागला. मिनीमोलचे स्मॅश तिने वारंवार बघितलेले आहेत. थोडा वेळ ती बोटांच्या चिकटपट्ट्या सोलत बसली. उजव्या हाताची मधली दोन बोटं एकत्र बांधलेली होती. ब्लॉकला चेंडू बोटांच्या टोकाला लागतो आणि सांधा सुजतो. पट्टी निघाल्यावर खालची कातडी पांढरी, ओली, सुरकुतलेली दिसत होती. तिच्या गुडघ्यांवर निळसर डाग कायमचे आहेत. कॉलेजचं मैदान सिमेंटचं. नी-कॅप घातली तरी सिमेंट ते सिमेंटच.

मला मधेच बोलायचं होतं, आणि बोललो. दोघी पैशावर भांडत आहेत. मला प्रश्न मॅचेसचा वाटतो. तुर्कस्तानातली किंवा इटलीतली मुलगी ऑक्टोबर ते मे दर आठवड्याला मॅच खेळते. चुकते, पुढच्या आठवड्यात सुधारते. आपली मुलगी वर्षाला राष्ट्रीय स्पर्धा खेळते, विद्यापीठाची खेळते, एखादी निमंत्रितांची. थोड्या दिवसांत सगळं उरकतं आणि मग पुढचे कित्येक महिने सराव, सराव. मॅच न खेळता सराव करत राहणं म्हणजे भूक लागेपर्यंत स्वयंपाकाचं पुस्तक वाचण्यासारखं आहे. तिला नोकरी द्या नाहीतर करार द्या, आठवड्याला मॅच मिळाली नाही तर ती तिथेच राहणार. त्यात महासंघातली भांडणं, तात्पुरत्या समित्या, कोर्टकचेऱ्या. अर्जुन पुरस्कारांची यादी बघा: १९७३ ला मालिनी रेड्डी, १९७५ ला के. सी. एलम्मा, १९८४ ला सॅली जोसेफ. त्यानंतर व्हॉलीबॉलला जे अर्जुन मिळाले ते पुरुषांना.

ताई — सॅलीला मिळाला त्याच वर्षी मी लागले. आम्हाला वाटलं, आता रांग लागणार.

लेक — मग बाबा म्हणतात तेच म्हणते मी. मॅचेस हव्यात. म्हणजे लीग हवी.

ताई — लीग आहे. तुला दिसत नाही इतकंच. आंतररेल्वे स्पर्धा कशाला म्हणतात? पश्चिम रेल्वे, दक्षिण, दक्षिण मध्य, पूर्व. प्रत्येक झोनचा संघ, प्रत्येकाचा कोच, प्रवासाला पास, राहायला जागा. लीगला अजून काय लागतं?

हे बोलल्यावर दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटतं त्या क्षणी दोघींना एकच गोष्ट दिसली, पण दोघींनी ती वेगवेगळ्या बाजूने धरली.

लेक — थांब. जपानची लीगसुद्धा कंपन्यांच्या संघांचीच होती ना? १९६७ ला सुरू झाली ती. टोरे म्हणजे धाग्यांची कंपनी. एनईसी. जेटी म्हणजे तंबाखूची, किम तिथेच खेळली. आणि हिसामित्सु, ती सलोनपासवाली.

ताई — माझ्या गुडघ्याला जी पट्टी लावते मी, तिचा संघ आहे?

लेक — महिलांचा. आधी नोकरदार मुली, मग हळूहळू करारावरच्या, मग परदेशी खेळाडू. आता २०२४ पासून एसव्ही लीग नाव झालंय. कंपन्या त्याच. मग रेल्वेला काय अडचण आहे? संघ तयार आहेत. केरळचं वीज मंडळ आहे, पोलिसांचे संघ आहेत. आठवड्याला एक मॅच, संध्याकाळी, शहराच्या मध्ये, तिकीट लावून. तूच बसशील खिडकीवर.

ताई — लोक येतील?

लेक — होळकर स्टेडियमला आले होते की. १९ ऑक्टोबर २०२५, भारत-इंग्लंड, मुलींचा वर्ल्डकप. चार धावांनी हरलो. मानधना ८८ वर गेली तेव्हा माझ्यामागचे काका रडकुंडीला आले होते.

ताई — ते क्रिकेट. मी व्हॉलीबॉलचं विचारते. आणि लोकांचं सोड, तुझं सांग. तू स्वतः खेळत नव्हतीस असे मुलींचे किती सामने तू जाऊन बघितलेस? मैदानावर. मोबाइलवर नाही.

लेक — ...

ताई — पुरुषांची लीग बघतेस, कोरियाची बघतेस. आपल्या नेहरू स्टेडियमवर, चिमणबागेत मुलींची स्पर्धा असली की तुझी मॅच झाली की पिशवी उचलतेस आणि निघतेस. मी बघितलंय. दुसऱ्या गटातल्या मुली कशा खेळतात हे बघायला थांबत नाहीस. मग तिकीट काढून कोण येणार, किमची आई?

लेक — अंधार पडायच्या आत निघायला बाबाच सांगतात.

हे खरं आहे. सांगतो मी. त्याच वर्ल्डकपच्या वेळी, २३ ऑक्टोबरला, ऑस्ट्रेलियाच्या संघातल्या दोघी हॉटेलातून कॅफेकडे पायी निघाल्या होत्या. सकाळची वेळ. मोटारसायकलवरच्या एका माणसाने त्यांचा पाठलाग करून छेड काढली. माणूस पकडला गेला. पण सलग इतकी वर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या गावाचं तोंड त्या दिवशी काळं झालं. ज्यांच्या संघासोबत सुरक्षा अधिकारी होते त्यांची ही गत, तर अ‍ॅक्टिव्हावरून एकट्या येणाऱ्या मुलीचं काय, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात बोललं गेलं. या एका विषयावर ताई आणि लेक एका बाजूला होतात आणि मी दुसऱ्या. त्यांचं म्हणणं, मुलीला लवकर घरी बोलावून रस्ता सुधारत नाही. माझं म्हणणं, रस्ता सुधारेपर्यंत मुलगी घरी असावी. वाद मिटलेला नाही. अजून मिटवायचा माझा विचारही नाही.

ताई — मी रतलामहून रात्रीच्या गाडीने यायचे. किट खांद्यावर. डब्यात कोणी त्रास दिला तर संघातल्या पाच-सहा जणी एकदम उभ्या राहायच्या. पुरुषभर उंचीच्या. संघ असण्याचा तोही उपयोग असतो. म्हणून म्हणते, आधी संघात जा. एकटी कुठे जातेस लीग शोधत?

लेक — आणि संघात गेल्यावर बाकीच्या मुलींसारखी खिडकीत बसून जाड झाले तर?

ताई — तुझ्या आत्याकडे बघून बोल.

लेक — तू नाही झालीस. पण तुझ्याबरोबरच्या?

ताई — काही झाल्या. काहींनी पहिलं मूल झाल्यावर बूट घातले नाहीत. एकीचा गुडघा गेला आणि ती पाच वर्षं आमच्यासाठी स्कोअर लिहीत राहिली. पण एक ऐक. ज्यांना खेळ सोडायचा होता त्यांनी नोकरीच्या निमित्ताने सोडला. ज्यांना खेळायचं होतं त्या खेळल्या. निमित्त नसतं तर त्यांनी लग्नाचं शोधलं असतं.

लेक — हे तू सोपं करून सांगतेस. घरी मूल, ऑफिसात ड्युटी, संध्याकाळी सराव. ज्यांनी सोडलं त्या सगळ्या आळशी नव्हत्या.

ताई — नव्हत्या. बरोबर बोललीस. त्यातली एक माझ्यापेक्षा चांगली लिफ्टर होती. तिचं मूल सांभाळायला घरात कोणी नव्हतं, माझ्याकडे आई होती. एवढाच फरक.

इतकं स्पष्ट ताई कधी बोलत नाही. लेकीने पुढचा प्रश्न आवाज खाली आणून विचारला.

लेक — समजा लागले. आणि समजा पुढे कधी मालदीवच्या नाहीतर नेपाळच्या लीगमधून बोलावणं आलं. सोडतील?

ताई — सरकारी नोकराला परदेशी जायला ना हरकत प्रमाणपत्र लागतं. अर्ज मंडळाच्या कार्यालयात. तिथून क्रीडा अधिकाऱ्याकडे, मग वर मुंबईला.

लेक — किती दिवस लागतात?

ताई — फाइल कोणाच्या टेबलावर आहे त्यावर. पण मला ती टेबलं पाठ आहेत. हे बघ, लीगचं पत्र, रजेचा अर्ज आणि तुझ्या कोचचं शिफारसपत्र एकत्र लाव, सुटं देऊ नकोस. आणि अर्ज हिंदीत लिही, शुद्ध राजभाषेत. इंग्रजी अर्जावर बाबू शंका काढतो. हिंदीतला वाचून त्याला वाटतं हा हिंदी पंधरवड्यात दाखवायला बरा आहे, लगेच पुढे सरकवतो.

लेक — आणि नाही म्हणाले तर?

ताई — तर भांड. किम भांडली म्हणालीस ना? पण भांडायला आधी कर्मचारी क्रमांक लागतो. दहावीची गुणपत्रिका कुठे ठेवली आहेस?